धडकांना किती जागा लागते

काकू : हळू बोल. न्हाव्याचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे, आणि दाढी करताना ह्यांचे कान मोकळेच असतात.

दुकानदार : काकू, मी एवढंच विचारलं की मेमरी कार्ड केवढं हवंय.

काकू : कार्डाचं नंतर. ते घेऊ आम्ही, त्यासाठीच आलोय. हे म्हणाले, तू पुढं होऊन बघून ठेव, पण घेऊ नकोस. म्हणून आधी हे यंत्र बघ बाई पटकन. ह्यातली बस कुठं गेली ते सांग.

दुकानदार : कसली बस?

काकू : ह्यांची. बस चालवायचा खेळ आहे ना, तो. तीस वर्षं खरी बस चालवली, रिटायर झाले, मग जावयानं हे यंत्र दिलं. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की बाल्कनीत बसून हातात मावेल एवढी बस चालवतात. थांब्यावर थांबतात. कुणी म्हातारी चढत असेल तर ती बसेपर्यंत गाडी हलवत नाहीत. खेळातली म्हातारी, पण हे आपले वाट बघत. आणि काल दुपारी माझ्या हातून ती बस पुसली गेली.

दुकानदार : तुमच्या हातून? म्हणजे तुम्ही पण खेळता?

काकू : खेळत नाही. शिकते.

दुकानदार : बस?

काकू : गाडी. आमच्या लेकीची बदली झाली, तिची गाडी आमच्या अंगणात ठेवून गेली. हे म्हणाले, आता आपण दोघं गाडीनं तुझ्या बहिणीकडं जाऊ, डोंगरापलीकडं. दिवसभराचा रस्ता आहे. माझ्या मनात आलं, हे दमले मध्येच, तर निदान निम्म्या वाटेत चाक हातात घेता यायला हवं. जन्मभर लोकांना पोचवलं ह्या माणसानं. एकदा तरी कुणी ह्यांना बसवून न्यावं की नाही? म्हणून दुपारी हे झोपले की मी ती बस काढते.

दुकानदार : मग काकांनाच शिकवायला सांगायचं. घरचेच मास्तर.

काकू : नवऱ्याकडून शिकायचं? लग्न झाल्यावर सायकल शिकवायला घेतली होती ह्यांनी. आठवडाभर अबोला होता. शिवाय ह्या यंत्राला मी पहिल्या दिवसापासून खुळखुळा म्हणत आले. आता कुठल्या तोंडानं सांगू?

दुकानदार : जमतंय का पण?

काकू : सरळ रस्ता जमतो. वळण आलं की काहीतरी आडवं येतं.

दुकानदार : काय आडवं येतं?

काकू : खांब. बाकडं. पेट्रोलपंप. चौकातलं कारंजं. कारंज्याला दोष देत नाही मी, ते बिचारं जागेवरच असतं.

दुकानदार : बरं. मग पुसली कशी?

काकू : काल वळणावरच सगळं थांबलं आणि पाटी आली. कार्ड भरलंय, काहीतरी काढा. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, भरणारच. एवढ्या धडका त्यानं ठेवायच्या कुठं?

दुकानदार : काकू, धडकांनी कार्ड भरत नाही.

काकू : मला काय ठाऊक? पाटीवर गिरवून गिरवून जागा संपते तसं वाटलं. म्हटलं, आपल्या धडका आपण काढून टाकाव्यात. ते विचारत गेलं, पुसू का, नक्की पुसू का. मी हो हो करत गेले, आणि बसच गेली. प्रवाशांसकट. सकाळी ह्यांना म्हटलं, ते यंत्र कार्ड भरलं म्हणतंय, मोठं आणू, तोवर उघडू नका. कसंबसं थोपवलंय.

दुकानदार : इकडं द्या. हं. घाबरू नका, खेळ कार्डावरून गेलाय फक्त. तो पुन्हा उतरवून घेता येतो, पैसेसुद्धा परत भरावे लागत नाहीत. आणि काका कुठपर्यंत आले, किती बस चालवली, ते सगळं यंत्राच्या पोटात वेगळं राहतं. ह्या यंत्राचं तसंच आहे. कार्ड म्हणजे गॅरेज. गाडी तिथं उभी असते, पण ड्रायव्हरची नोकरी ऑफिसात नोंदलेली.

काकू : देव पावला. म्हणजे ह्यांचं सगळं येईल परत?

दुकानदार : जसंच्या तसं. हे बघा, नोंद आहे. एकूण अंतर, एकूण प्रवासी, एकूण धडका.

काकू : धडका पण राहिल्या?

दुकानदार : दोनशेच्या वर आहेत.

काकू : अगं बाई. आणि ते कुणाला दिसतं?

दुकानदार : खेळ उघडला की पहिल्याच पानावर येतं. तुम्ही कधी वाचलं नाही?

काकू : वाचत कुठं बसू? पानं भराभर पुढं ढकलते मी, हे जागे होतील म्हणून. म्हणजे हे रोज सकाळी तो आकडा बघतात? आणि एका शब्दानं बोलले नाहीत?

दुकानदार : नसेल लक्ष गेलं.

काकू : ह्यांचं? ह्यांना रस्त्यावरचा खिळा दिसतो. पण हल्ली काही बोलतच नाहीत बघ. आधी बहिणीकडं जायचं म्हणून माझ्यापेक्षा ह्यांनाच घाई. आता विषय काढला की कधी टायर, कधी बॅटरी, कधी आभाळ. दुपारी झोपताना पायाला पंचा बांधून घेतात, गुडघा दुखतो म्हणे. मला वाटतं, मला घेऊन जायचा उत्साहच गेला. म्हणून तर मी जास्तच शिकायला लागले. ते नेत नसतील तर मी नेईन. तू ह्यांना ह्यातलं काही सांगायचं नाहीस. शब्द दे.

दुकानदार : दिला. पण काकू, धडका...

काकू : आले.

काका : दारावर ‘ढकला’ लिहिलंय आणि ते ओढावं लागतं. माणसं चुकतात अशानं. पाटी बदला.

दुकानदार : बदलते काका. या, बसा. काकू कार्डंच बघत होत्या.

काका : काय बघितलंस?

काकू : सगळी नखाएवढी आहेत. मला तर एकदा शिंकले तर दहा उडतील अशी भीती वाटते.

काका : आकारावर जायचं नसतं. हं, मला सांगा, हे मोठं आणि हे लहान, दिसायला सारखीच. फरक काय?

दुकानदार : आत किती मावतं, हा एक फरक. ह्यात तुमच्या त्या बससारखे दहाबारा खेळ बसतील. ह्यात चाळीस. आणि दुसरा फरक वेगाचा. हा छोटा आकडा दिसतोय ना कोपऱ्यात, तो बघायचा. काहींत माल मावतो भरपूर, पण आतबाहेर व्हायला वेळ लागतो. खेळ उघडायला जीव मेटाकुटीला येतो.

काका : म्हणजे सीट पन्नास, पण दार अरुंद.

दुकानदार : बरोब्बर.

काका : तसल्या गाड्या होत्या आमच्याकडं. थांब्यावरच अर्धा दिवस. नको. दार रुंद पाहिजे. सीट कमी चालतील. आम्हाला काय, एकच खेळ.

काकू : मोठंच घेऊ की. लागतं कधीकधी.

काका : तुला कशाला लागतं? तू तर त्याला हातसुद्धा लावत नाहीस.

काकू : मी कुठं म्हणते मला लागतं? बाजारात जाताना पिशवी मोठी न्यावी, एवढंच.

काका : आणि हे बघा. आमच्या डेपोतल्या मित्रानं फुटपाथवरून घेतलं आणि मला एक दिलं. तुमच्या सगळ्यात मोठ्यापेक्षा चौपट मोठं, आणि जवळजवळ फुकट. ह्यात काय खोट?

दुकानदार : थांबा, लावून बघते. हं. वाटलंच. काका, हे नुसतं सांगतं की मी मोठा. आत जागा थोडीच आहे. ती भरली की नवीन चढवताना हे जुनं गुपचूप उतरवून टाकतं.

काका : आणि सांगत नाही?

दुकानदार : कशाला सांगेल? वरून यादीत सगळं दिसतं. उघडायला गेलात की आत काही नसतं. तोवर मालकाला पत्ता लागत नाही.

काका : पत्ता लागत नाही.

दुकानदार : नाहीच. म्हणून मी म्हणते, असलं वापरू नका.

काका : वरून सगळं ठीक, आणि आतलं जातंय ते त्याचं त्यालाच माहीत नाही.

काकू : अहो, कार्डाचं चाललंय. एवढे गंभीर काय होता? फेका ते केराच्या टोपलीत.

काका : अगं, माझा चष्मा?

काकू : डोळ्यांवर नाही, खिशात नाही. न्हाव्याकडं राहिला असणार.

काका : बघ. हेही विसरलो.

काकू : नवीन काय त्यात? आणते मी. तुम्ही दार रुंद, सीट कमी करत बसा. आणि ते यंत्र उघडू नका हं, ही बाई त्यात काहीतरी करतेय.

काका : गेली?

दुकानदार : गेल्या.

काका : ताई, एक काम आहे. कार्ड तुम्ही म्हणाल ते घेतो. पण यंत्रात माझी एक नोंद आहे. ती पुसायची. हिला कळता कामा नये.

दुकानदार : कसली नोंद?

काका : धडकांची.

दुकानदार : अरे देवा.

काका : तुम्ही बघितली वाटतं. मग लपवण्यात अर्थ नाही. तीस वर्षांत मी एक आरसा तोडला होता, तोसुद्धा दुसऱ्याच्या चुकीनं. आणि ह्या खेळात दोनशेच्या वर धडका आहेत. कारंजं, पंप, बाकडी. बाकड्यावर माणसं बसतात हो. आणि मला एकही आठवत नाही.

दुकानदार : एकही नाही?

काका : सकाळी मी चालवतो तेव्हा एक ओरखडा नसतो. दुसऱ्या दिवशी उघडतो तर आकडा वाढलेला. आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग जावयाला फोन करून आडून विचारलं, तर म्हणाला, बाबा, यंत्र चुकत नाही, जे घडतं तेच मांडतं. घरात माणसं दोन. हिला त्या यंत्राचा तिटकारा. मग उरलं कोण?

दुकानदार : काका, कदाचित...

काका : मी शोधून काढलं, धडका दुपारी होतात. वेळ येते त्यात. दुपारी मी झोपलेला असतो. म्हणजे झोपेत उठून चालवत असणार. म्हणून पाय खाटेला पंच्यानं बांधून झोपायला लागलो. हिला सांगितलं गुडघा दुखतो. परवा उठलो तर गाठ जशीच्या तशी, आणि धडका वाढलेल्या. झोपेत गाठ सोडून, बस ठोकून, परत तशीच गाठ मारून झोपतो म्हणजे मी, आणि मला पत्ता नाही. त्या तुमच्या कार्डासारखं.

दुकानदार : डॉक्टरांना विचारलंत?

काका : विचारलं तर ते सांगतील. ऐकायची भीती वाटते. डोळे गेले असते तर चष्मा बदलला असता. गुडघा असता तर पट्टा बांधला असता. हे आतलं जायला लागलं तर हिचं कसं होणार? हिला बहिणीकडं नेणार होतो. डोंगराचा रस्ता आहे, वळणावळणाचा. शेजारी ही बसलेली, आणि मला मध्येच काही झालं तर? नाही जमणार. उद्या एक जण गाडी बघायला येतोय. विकून टाकतो.

दुकानदार : काकूंना विचारलंत?

काका : नाही. बॅटरी गेली म्हणून विकली, असं सांगेन. तेवढी ती नोंद पुसा. तिनं कधी चुकून बघितली तर रात्रभर झोपायची नाही.

दुकानदार : मला नाही पुसता येणार.

काका : का? नवीन कार्ड टाकलं की सगळं नवीन होत नाही?

दुकानदार : नाही होत. कार्डावर खेळ राहतो, तुम्ही काय केलंत ते यंत्रात राहतं. आणि पुसता आलं असतं तरी पुसलं नसतं.

काका : असं कसं? गिऱ्हाईक सांगतंय.

दुकानदार : काका, मी कुणालातरी शब्द दिलाय.

काका : कुणाला? मध्ये कुणाचा काय संबंध?

काकू : हा घ्या चष्मा. न्हावी म्हणाला, आरशासमोर ठेवून स्वतःलाच शोधत होते. काय झालं? दोघांची तोंडं अशी का?

दुकानदार : काकू, बसा इथं. काका, तुम्हीही बसा. माझ्या दुकानात आता गिऱ्हाइकं दोन आणि गुपितं दोन. तुम्हाला दोघांनाही नाही म्हणता येत नाही, आणि मला आता गप्पही बसवत नाही. मी आत कार्ड तपासायला जाते. काकू, काकांना गाडीचं विचारा. काका, तुम्ही दुपारच्या झोपेचं सांगा. पाच मिनिटांनी येते. चहा सांगू का?

काकू : नको.

काका : नको.

(दुकानदार आत जाते. मागच्या खोलीचं दार ती पूर्ण लावत नाही.)

काकू : गाडीचं काय?

काका : काही नाही.

काकू : अहो, एवढी वर्षं संसार केलाय. तुमचं काही नाही म्हणजे बरंच काही असतं. गाडीचं काय?

काका : विकतोय.

काकू : माझ्या बहिणीकडं जायचं नाही म्हणून? सरळ सांगायचं होतं. मी काय हट्ट धरला असता?

काका : तसं नाही गं.

काकू : मग कसं?

काका : मला भीती वाटते. मी धडका देतो आणि मला आठवत नाहीत. त्या खेळात. दुपारी, झोपेत. पंचा गुडघ्यासाठी नव्हता, पाय बांधून ठेवायला होता. तरी थांबेना. माझं डोकं जायला लागलंय बहुतेक. तुला सांगायचा धीर होत नव्हता.

काकू : अहो.

काका : रडू नकोस. अजून माणसं ओळखतोय मी.

काकू : अहो, त्या धडका माझ्या.

काका : काय?

काकू : माझ्या. तुम्ही झोपलात की मी चालवते. गाडी शिकत होते, तुम्ही दमलात तर मला जमावं म्हणून. तुम्हाला कळलं तर हसाल, म्हणून चोरून. तो आकडा तुम्हाला दिसतो हे मला आत्ता कळलं. तुम्ही इकडं असं समजून बसलात, आणि मी रोज दुपारी निवांत कारंजं पाडतेय.

काका : सगळ्या तुझ्या?

काकू : सगळ्या.

काका : कारंजं?

काकू : हो.

काका : पंप?

काकू : दोनदा. दुसऱ्यांदा तर मागं घेताना.

काका : बाकडं? त्या बाकड्यावर माणसं होती.

काकू : उठली ती. मी हॉर्न दिला होता.

काका : म्हणजे मी विसरत नाही.

काकू : नाही हो.

काका : चष्मा विसरलो ना आत्ता.

काकू : चष्मा तुम्ही मला बघायला आलात तेव्हाही आमच्याकडं विसरला होता. बाबांनी पोचवला होता दुसऱ्या दिवशी. ते आजारपण नाही, तो तुमचा स्वभाव आहे.

काका : खरंच की. थांब जरा. मला एक मिनिट नुसतं बसू दे.

काकू : बसा. चुकलं माझं. मी सांगायला हवं होतं. महिनाभर तुम्ही एकटे हे घेऊन फिरलात.

काका : पाय सोडायचा आता. रात्रीसुद्धा रग लागायची.

काकू : आणि मी त्या गुडघ्याला तेल चोळत होते.

काका : तेल चालू दे. ते बरं वाटायचं. मला एक सांग, वळताना आरसा बघतेस का?

काकू : कुठला आरसा?

काका : त्यात आरसा असतो, दोन्ही कोपऱ्यांत. बघतच नाहीस? मग पंपाला काय दोष? आणि ब्रेक कुठं दाबतेस, वळणाच्या आधी की वळणात?

काकू : वळणात. तेव्हाच तर समोर कारंजं दिसतं.

काका : आधी दाबायचा असतो. नवशिके तिथंच मार खातात. ताई, या बाहेर. ऐकलंत ना सगळं?

दुकानदार : मी कार्ड तपासत होते. थोडंसं ऐकलं. काका, आता दोघांची वेगवेगळी खाती काढून देते. मग काकूंच्या धडका काकूंच्या नावावर, तुमची नोंद स्वच्छ.

काका : नको. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, आता यंत्रात वेगळी चूल कशाला? आहे ती नोंद राहू दे.

काकू : दोनशे धडका तुमच्या नावावर? तीस वर्षांची अब्रू?

काका : असू दे. मला माहीत आहे त्या कुणाच्या. तेवढं पुरे झालं मला.

दुकानदार : मग कार्ड कुठलं देऊ? दार रुंद, सीट कमी?

काका : दार रुंद आणि सीट भरपूर. सगळ्यात मोठं द्या. हिच्या धडका अजून बऱ्याच व्हायच्यात.

दुकानदार : धडकांना जागा लागत नाही हो काका.

काका : मला माहीत आहे. तिचं समाधान म्हणून.

काकू : आणि तो उद्या गाडी बघायला येणारा?

काका : त्याला नाही म्हणून कळवतो. उद्या सकाळी तू मोकळ्या मैदानात गाडी काढ. तिथं कारंजं नाही, मी बघून ठेवलंय.

काकू : आणि तुम्ही?

काका : मी शेजारी बसेन. तिकडून रस्ता कसा दिसतो ते कधी बघितलंच नाही.